शीर मिळत नाही तेव्हा

आज नर्सिंगची पदवी घेणाऱ्या माझ्या मुलामुलींनो,

नोकरीला लागून मला चारच महिने झाले होते. बालरुग्ण वॉर्डात नाइट होती. रात्री दोनच्या सुमारास जुलाब-उलट्यांनी सुकलेलं आठ महिन्यांचं बाळ आलं. डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली, पोटाला चिमटा घेतला तर कातडी तशीच उभी राहायची. सलाईन लावायचं होतं आणि शीर मिळत नव्हती. मी कॉलेजात पहिली आलेली. एकदा हाताला टोचलं, एकदा पायाला, पुन्हा हाताला. मदत मागायची लाज वाटत होती. बाळाची आई माझ्या हाताकडे बघत होती आणि हात कापत होता. शेवटी सुई ट्रेमध्ये ठेवली. मनात म्हटलं, देवा, माझ्याच्यानं होत नाही, आता तू बघ. आणि शेजारच्या वॉर्डातल्या सीनियर सिस्टरांना बोलवायला धावले. त्यांनी बाळाच्या डोक्यावरची शीर शोधली.

ते बाळ वाचलं. अगदी असंच म्हटलं आणि पहाटे बाळ गेलं, अशाही रात्री पुढे आल्या. हे तुमच्यापासून लपवणं बरं नाही. मग देवावर भार टाकायचा तो कशासाठी? या प्रश्नापाशी मला दर वेळी पंडिता रमाबाई आठवतात.

आईकडून संस्कृत शिकलेली, हजारो श्लोक मुखोद्गत असलेली ही मुलगी. दुष्काळात वडील, आई आणि मोठी बहीण काही महिन्यांच्या अंतरानं गेली. घरानं देवाधर्मात कसूर केली नव्हती. तीर्थयात्रा झाल्या, व्रतं झाली. त्या उपासमारीत रमाबाईंची लहानपणची श्रद्धा उडाली. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता म्हणून गौरवलं. पण 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती. तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या आणि कडेवर लेक मनोरमा होती. पांडित्य होतं, कीर्ती होती, आधार कुठेच नव्हता. पुढे इंग्लंडमध्ये 1883 साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्याबद्दल आयुष्यभर बोलणी खाल्ली. तुमचा देव पंढरीचा असेल, वेलंकणीचा असेल, त्याला रूपच नसेल. तो तुमचा प्रश्न. मला सांगायचंय ते रमाबाई देवावर विसंबून काय करत होत्या, ते.

रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदन या शाळेला अमेरिकेतल्या हितचिंतकांनी दहा वर्षं मदत देण्याचं कबूल केलं होतं. ती मुदत 1898 मध्ये संपायची होती. त्याआधीच, 1896-97 च्या दुष्काळात, रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. उपाशी कसं मरतात हे त्यांनी आपल्याच घरात पाहिलं होतं. हिशेब मांडत बसल्या असत्या तर तीस मुलीही आणता आल्या नसत्या. सदन पुण्यात होतं आणि तिथे प्लेग होता, म्हणून मुलींना केडगावच्या शेतावर ठेवलं. तिथेच मुक्ती सदन उभं राहिलं. तिथे प्रार्थना झाली तशा विहिरीही खोदल्या गेल्या. मुली छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या. देवावर भरवसा ठेवणाऱ्या या बाईचे हात कधी रिकामे नव्हते.

आणि तरी 1921 मध्ये मनोरमा आईच्या आधी गेली. एकुलती एक लेक, केडगावचा कारभार जिच्यावर सोपवायचा होता ती. रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. ते काम त्यांनी सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या.

माझ्या मते त्यांच्या भरवशाची खरी ओळख या शेवटच्या आठ-नऊ महिन्यांत होते. मागितलेलं मिळालं नाही तरी दुसऱ्या दिवशी कामावर उभं राहायचं बळ राहतं, आणि ते आपलं स्वतःचं नसतं, हे मी पुष्कळ पहाटे अनुभवलंय. जे सगळं स्वतःच्या जोरावर तोलत होते, असे माझ्यापेक्षा हुशार सोबती मी खचून नोकरी सोडताना पाहिले. त्यांना कुणी हे आधी सांगायला हवं होतं.

मुलांनो, लवकरच तुमचीही पहिली नाइट लागेल. शीर मिळाली नाही, हात कापायला लागला, तर पुन्हा पुन्हा टोचत राहू नका. सुई खाली ठेवा, देवाचं नाव घ्या आणि शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरांना हाक मारा.