कळ कोणाच्या हाती?

(शिक्षक-पालक मेळाव्यातील भाषण)



नव्या तंत्रज्ञानाने शिक्षण सुधारेल काय, हा प्रश्न आजकाल मोठ्या उत्साहाने विचारला जातो. मला त्याआधीचा एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो: यंत्राची कळ कोणाच्या हाती आहे? त्याचे उत्तर शोधण्यास सातारा-सांगलीबाहेर जावयास नको.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि शाळांना कुलपे लागली. शिक्षण पडद्यावर गेले. पण पडदा घरोघरी नव्हता. ‘असर’च्या २०२० च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातील ६१.८ टक्के शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ मध्ये हेच प्रमाण ३६.५ टक्के होते. वाढ मोठी खरी. पण उरलेल्या अडतीस टक्क्यांचे काय? शिवाय घरात फोन असणे म्हणजे तो मुलाच्या हाती असणे नव्हे. मजुरीला जाणारा बाप तो खिशात घालून सकाळीच बाहेर पडतो, आणि घरात भाऊ असला की बहिणीची पाळी शेवटी येते.

त्या काळात माण या दुष्काळी तालुक्यातील विजयनगरच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक बालाजी जाधव यांनी साध्या फोनवरील कॉन्फरन्स कॉलने मुलांना एकत्र जोडून शिकविले. त्यास स्मार्टफोनही नको आणि इंटरनेटही नको. यातील नावीन्य यंत्राचे नव्हे, दृष्टीचे आहे. सर्वांत गरीब मुलाच्या घरी काय आहे, येथून त्यांनी आरंभ केला.

ही दृष्टी या मातीस परकी नाही. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र ठेवली, आणि ‘कमवा व शिका’च्या मार्गाने निर्धनास शिक्षणाचे दार उघडले. जो बाहेर राहतो त्याचा विचार आधी, हे त्यांचे माप होते.

आता दुसरी बाजू पाहा. शाळा पुन्हा भरल्या, पण मुलांच्या हातचा फोन सुटेना. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तेथे ऑगस्ट २०२२ मध्ये गावातील स्त्रियांची सभा भरली, आणि मंदिरावर भोंगा बसविण्याचे ठरले. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजला की दीड तास दूरदर्शन संच आणि मोबाईल बंद, मुले अभ्यासाला. शिक्षक व ग्रामपंचायतीचे कर्मचारी घरोघर फिरून लोकांना समजावीत. हुकूम वरून आला नव्हता. निर्णय गावाचा होता.

माणमध्ये यंत्र चालू करून शिकविले, वडगावात ते बंद करून. वरवर हे परस्परविरुद्ध दिसते. वस्तुतः दोन्हीकडे कळ शिक्षकाच्या आणि गावाच्या हाती होती. ती विक्रेत्याच्या हाती गेली की शाळा ही बाजारपेठ होते आणि मूल गिऱ्हाईक.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. गावच्या वाचनालयात सामायिक साधने आणि विनामूल्य इंटरनेट हवे. कोणतेही साधन घेण्यापूर्वी शिक्षकांचे मत घेतले जावे. यंत्राच्या निमित्ताने शिक्षकाची एकही जागा रिकामी राहू नये. आणि आपल्या शाळेत नवे साधन येईल त्या दिवशी ऊसतोडणीच्या टोळीबरोबर फडात आलेल्या मुलास ते वापरता येते काय, हे प्रथम पाहावे. त्याला येत नसेल, तर सुधारणा अजून व्हावयाची आहे.