माणसावाचून पृथ्वी
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



माणूस नाहीसा झाला तर पृथ्वीचे काय होईल, या प्रश्नाचे अंशतः उत्तर चेर्नोबिलने दिले आहे. २६ एप्रिल १९८६ रोजी तेथील अणुभट्टीत स्फोट झाला. लगतच्या प्रिप्यात शहरातील सुमारे ४९,००० रहिवाशांना हलविण्यास दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली. आज तेथील इमारतींत झाडे वाढली आहेत, लांडगे वावरतात, १९९८ साली आणून सोडलेल्या रानटी घोड्यांचे कळप चरतात. किरणोत्सर्ग पुरता ओसरलेला नसतानाही हे घडले.

यावरून माणूस हाच सृष्टीचा शत्रू, असा निष्कर्ष काहीजण काढतात. तो मला मान्य नाही. अणुभट्टीचे निर्णय मूठभरांनी घेतले, तिच्यातील दोष त्यांनीच दडविले. गावे उठली ती शेतकऱ्यांची. हा कारभार समाजवादाच्या नावाने चालला होता, हेही आपण विसरता कामा नये. पुढे काही वृद्ध ग्रामस्थ बंदी मोडून परतले आणि आपल्या परसात पुन्हा बटाटे लावू लागले. त्यांना सृष्टीचे शत्रू कोण म्हणेल?

पृथ्वी आपल्यावाचून तरेल, यात शंका नाही. तिच्यासह कसे जगायचे, हे ठरविण्याचा अधिकार ज्यांची घरे पणाला लागतात त्यांच्या हाती आणणे, हे आपले काम आहे.