पोटात थोडं, पाठीवर भरपूर



औंधला आलेला पाहुणा यमाईच्या डोंगरावर जातो, १९३८ साली उभं राहिलेलं भवानी चित्रसंग्रहालय पाहतो आणि बाळासाहेब पंतप्रतिनिधींचं नाव आदरानं घेतो. ते घ्यायलाच हवं. पण त्या इमारतीचा पाया कुणी आखला, भिंतीला ओळंबा कुणी लावून पाहिला, हे विचारायचं आपल्याला सुचत नाही. इमारत पुरी झाली की ती बांधून घेणारा माणूस दिसेनासा होतो. आज त्याच्याविषयी, म्हणजे साइट इंजिनीयरविषयी, थोडं बोलणार आहे.

मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण माझा भाचा या कामात आहे. औंधजवळच्या एका वाडीत शाळेच्या दोन खोल्या बांधायचं काम त्याच्याकडे होतं, तेव्हा मी अधूनमधून त्याच्याबरोबर जात असे. मला वाटायचं, इंजिनीयर म्हणजे नकाशा पसरून हुकूम सोडणारा साहेब. पाहिलं ते वेगळंच.

सकाळी आधी हजेरी. गवंडी किती, बिगारी किती, सेंट्रिंगवाले आले का? मग सिमेंटची पोती मोजायची आणि जुनं पोतं आधी वापरायला काढायचं. पाण्याच्या नळीनं लेव्हल बघायची. मग सळया. जाडी किती, दोन सळयांत अंतर किती, खाली कव्हर ब्लॉक आहेत का? खांबाच्या रिंगांची टोकं नीट आत वळवली आहेत का, हे तो बोट घालून बघायचा. मी म्हटलं, "एवढं कोण बघतंय?" तो म्हणाला, "मामू, उद्या काँक्रीट पडलं की कुणालाच बघता येणार नाही. म्हणून आज बघायचं."

आपल्या जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेची जमीन हादरली, ती आठवण इथल्या घराघरांत आहे. भूकंपात खांब फुटायला लागतो तेव्हा आतल्या काँक्रीटला धरून ठेवते ती हीच रिंग.

ओतकामाच्या दिवशी खरी कसोटी पाण्याची. माल जरा घट्ट झाला की मिक्सरजवळून हाक येते, "पाणी सोडा!" पातळ माल घमेल्यातून भराभर पसरतो, श्रम वाचतात. पण जादाचं पाणी पुढं उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक छिद्रं राहतात. एम-२० च्या साध्या प्रमाणाला ५० किलोच्या पोत्यामागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी, असं भारतीय मानकात सांगितलं आहे. दिवसभर उन्हात उभं राहून तेवढ्या मापावर अडून बसायचं, हे त्याचं काम.

आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं उलटं. आता पाणी द्यायचं, आणि ते द्यायला कुणी तयार नसतं. कोरड्या, उष्ण हवेत किमान १० दिवस काँक्रीट ओलं राहिलं पाहिजे. पन्नास चौरस मीटरच्या स्लॅबवर वाफे करून अडीच सेंटिमीटर पाणी साठवायचं म्हटलं, तर एका वेळेला १,२५० लिटर लागतं. पंधरा लिटरच्या हंड्यानं मोजलं, तर ऐंशीहून जास्त हंडे! खटाव, माण, आटपाडीकडं एप्रिल-मेमध्ये हंड्याची किंमत काय असते, ते तुम्ही जाणता.

वाडीतल्या एका बाईनं त्याला तोंडावरच विचारलं, "आमच्या पोरांना प्यायला न्हाई, अन् तुम्ही स्लॅबाला पाजताय व्हय?"

तो चिडला नाही. म्हणाला, "मावशी, ह्याच्याखाली तुमचंच पोर बसणार हाय." पण नुसतं बोलून तो थांबला नाही. वाफे रद्द केले. स्लॅबभर गोणपाट अंथरलं, ते भिजवलं आणि वर प्लास्टिकचा कागद दगड ठेवून दाबला. ओल टिकली, पाणी कितीतरी कमी लागलं. पिण्याच्या टँकरला हात लावला नाही. शेततळ्यावरून पाणी विकत आणलं.

मग ठेकेदाराची घाई. टेकू काढा, प्लेटा दुसऱ्या कामावर न्यायच्यात. साडेचार मीटरहून मोठ्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू १४ दिवस हलवायचे नसतात. ज्याच्याकडून पगार घ्यायचा त्यालाच "नाही" म्हणायचं. पंचविशीतल्या पोराला हे सोपं नसतं. पण कागदावर सही त्याची असते. कवितेतली ओळ चुकली तर पुढच्या आवृत्तीत बदलता येते. स्लॅबला दुसरी आवृत्ती नसते.

मला कळलं ते एवढंच: काँक्रीटला पाणी पोटात थोडं लागतं आणि पाठीवर भरपूर. आपण नेमकं उलट करतो. ओतताना सढळ हात, नंतर हात आखडता. दुष्काळी मुलखानं तरी हा हिशेब चुकवू नये, कारण कमजोर छत पुन्हा बांधायचं तर तेच पाणी दुसऱ्यांदा मोजावं लागतं.

तेव्हा घर बांधाल तेव्हा फरशीचा रंग जरूर निवडा. पण त्याआधी आपल्या इंजिनीयरला विचारा, पोत्याला पाणी किती, स्लॅब किती दिवस ओला ठेवणार आणि टेकू कधी काढणार. आणि तो "आज नाही, थांबा" म्हणाला, तर रागावू नका. त्या एका शब्दासाठीच तर आपण त्याला पगार देत असतो.