अर्ज कोणाच्या टेबलावर आहे?



जून महिना लागला की कोणत्याही तहसील कचेरीच्या आवारात गर्दी उसळते. दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात, प्रवेशाच्या तारखा डोक्यावर आलेल्या असतात. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर अशी यादी हातात घेऊन आईबाप मुलामुलींसह उभे असतात. त्यांतल्या अनेकांचा त्या दिवसाचा रोजगार बुडालेला असतो. मी महसूल खात्यात नोकरी केली, म्हणजे त्या गर्दीकडे खिडकीच्या आतल्या बाजूनं पाहिलं. तेव्हापासून माझं एक मत ठाम झालं आहे. सरकारी काम कधी सुधारतं? अर्ज आत्ता कोणाच्या टेबलावर आहे आणि तिथे किती दिवस पडून आहे, हे कोणालाही विचारता येतं आणि त्याचं उत्तर मिळतं, तेव्हा.

आज हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला कायद्यानं मिळालेला आहे. पण महाराष्ट्रात या सुधारणेची सुरुवात कायद्यापासून झाली नाही, ती कागदांच्या गठ्ठ्यांपासून झाली. आजच्या चर्चेत तो इतिहास मागे पडला आहे, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अनिलकुमार लखिना नावाचे जिल्हाधिकारी होते. त्या काळच्या कचेऱ्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना आठवेल, टेबलाखाली, कपाटांवर, खिडकीच्या कट्ट्यावर फडक्यात बांधलेली दप्तरं रचलेली असायची. कोणता कागद कुठे आहे हे फक्त त्या टेबलाच्या कारकुनाला ठाऊक. तो रजेवर गेला की काम थांबलं, त्याची बदली झाली की नव्या माणसाला कागद सापडेपर्यंत महिने गेले. लोकांना वाटायचं, इथे मुद्दाम अडवतात. काही ठिकाणी अडवतही असत. पण पुष्कळदा खरं कारण एवढंच असे की कागद सापडत नव्हता, आणि सापडत नाही असं कबूल करण्याची सोय नव्हती. मग ‘उद्या या’ हे उत्तर ठरलेलं.

लखिनांनी हात घातला तो नेमका इथे. प्रत्येक कर्मचाऱ्यानं आपल्याकडचे सगळे कागद सहा गठ्ठ्यांत लावायचे. पहिला गठ्ठा प्रलंबित प्रकरणांचा, म्हणजे ज्यांवर मला स्वतःला काम करायचं आहे त्यांचा. दुसरा प्रतीक्षाधीन प्रकरणांचा, म्हणजे दुसऱ्या कार्यालयाला पत्र गेलं आहे आणि उत्तराची वाट आहे अशांचा. तिसरा नियतकालिकांचा, म्हणजे ठरावीक मुदतीनं वर पाठवायच्या अहवालांचा. चौथा स्थायी आदेशांचा. पाचव्यात निकाली निघालेली, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणं, आणि सहाव्यात मुदत संपलेले, नष्ट करायचे कागद. अभिलेखांचेही वर्ग ठरले. अ वर्ग कायमचा जपायचा, ब आणि क ठरावीक वर्षं ठेवायचे, ड लवकर नष्ट करायचा.

ऐकायला ही साधी आवराआवर वाटेल. पण ज्यानं टेबलावर काम केलं आहे त्याला विचारा. प्रलंबित आणि प्रतीक्षाधीन हे दोन गठ्ठे वेगळे झाले, त्याच दिवशी एक मोठी पळवाट बंद झाली. तोवर ‘वरून उत्तर आलेलं नाही’ या एका वाक्याखाली सगळंच झाकलं जायचं. आता साहेबांनी टेबलापाशी उभं राहून पहिला गठ्ठा पाहिला की या माणसाकडे किती काम थकलं आहे ते दिसतं. दुसरा गठ्ठा पाहिला की स्मरणपत्रं वेळेवर गेली की नाहीत ते कळतं. बसण्याची व्यवस्थाही बदलली. आडोसे गेले, कर्मचारी नजरेच्या टप्प्यात आले, टेबलावर नाव, हुद्दा आणि विषय लिहिलेल्या पाट्या आल्या. कोणतं काम कोणत्या पायऱ्यांनी करायचं याच्या कार्यपद्धती लिहून काढल्या गेल्या, म्हणजे नवा कारकून जुन्याच्या आठवणीवर अवलंबून राहिला नाही. पुढे राज्य शासनानं ही पद्धत सगळीकडे लागू केली, आणि आजही तपासणीला आलेला अधिकारी सहा गठ्ठे लावले आहेत का, हे विचारतो. ‘लखिना पॅटर्न’ हे नाव खात्यात अजून चालतं. अलीकडच्या काळात पुणे विभागाचे तेव्हाचे आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी’ची मोहीम चालवली, तिचाही पाया अभिलेखांची वर्गवारी आणि रोजचं काम रोज निकाली काढणं हाच होता.

या सगळ्याला नवा कायदा लागला नाही. एका अधिकाऱ्याचा आग्रह लागला आणि त्याच्या हाताखालच्या माणसांची मेहनत लागली. त्या कारकुनांचं, शिपायांचं श्रेय आपण क्वचित देतो. वर्षानुवर्षांची धूळ खाल्लेली दप्तरं उघडून एकेक कागद वर्गवार लावणं हे फार कष्टाचं काम आहे आणि ते त्यांनी केलं.

मात्र माणसाच्या आग्रहावर उभी राहिलेली सुधारणा त्या माणसाबरोबर बदलून जाते, हेही मी पाहिलं आहे. आग्रही साहेब असेपर्यंत गठ्ठे ताठ उभे असतात. त्यांची बदली झाली की वर्षभरात पुन्हा टेबलाखाली दप्तर जमू लागतं. म्हणून कायदा हवा होता.

तो दोन टप्प्यांत आला. २००५ साली महाराष्ट्रानं बदल्यांचं विनियमन आणि विलंबाला प्रतिबंध करणारा अधिनियम केला. लोक त्याला दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. १ जुलै २००६ पासून तो अमलात आहे. सर्वसाधारणपणे कोणतीही फाईल कोणाही कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये, असं त्यात लिहिलं आहे. दुसऱ्या विभागाला विचारायची गरज नसेल तर पंचेचाळीस दिवसांत निर्णय, आणि विचारायची गरज असेल तर तीन महिन्यांत. त्याच वर्षी केंद्राचा माहितीचा अधिकार आला. महाराष्ट्राचा स्वतःचा तर त्याच्याही आधीचा, २००२ सालचा होता. त्यामुळे माझ्या अर्जाचं काय झालं हे लेखी विचारण्याची वाट मोकळी झाली.

पुढचा टप्पा सेवा हक्काचा. मध्य प्रदेशानं २०१० साली देशात पहिल्यांदा ठरावीक मुदतीत सेवा देण्याची कायदेशीर हमी दिली. आपल्याकडे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २८ एप्रिल २०१५ पासून लागू आहे. अधिसूचित केलेल्या प्रत्येक सेवेला दिवसांची मुदत आहे आणि ती सेवा कोणत्या अधिकाऱ्यानं द्यायची हे ठरलेलं आहे. त्याला पदनिर्देशित अधिकारी म्हणतात. अर्जाची पोच द्यायची. नाकारायचं असेल तर कारण लेखी द्यायचं, आणि अपील कोणाकडे, किती दिवसांत करायचं तेही कळवायचं. मुदत टळली किंवा अर्ज नाकारला गेला तर तीस दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगापुढे तिसरं. पुरेशा कारणाशिवाय कसूर झाली तर संबंधित अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत शास्ती.

इतका स्पष्ट कायदा हातात असूनही माणूस हेलपाटे का घालतो? मला दिसलेली कारणं सांगतो.

पहिलं म्हणजे पोच. पुष्कळ ठिकाणी माणूस अर्ज घेऊन जातो तेव्हा त्याला सांगतात, ‘ठेवा इथे, साहेब आले की दाखवतो.’ अर्ज आवक नोंदवहीत चढत नाही, त्याला क्रमांक पडत नाही, दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. कायद्याच्या दृष्टीनं तो अर्ज जन्मालाच आलेला नसतो. ऑनलाइन अर्जाला आपोआप क्रमांक पडतो, हा राज्य शासनाच्या ‘आपले सरकार’ पोर्टलचा खरा फायदा. पण ऑनलाइनमध्ये दुसरी अडचण शिरली आहे, ती त्रुटीची. मुदत संपत आली की एखाद्या कागदाची त्रुटी काढून अर्ज परत येतो. ती पूर्ण केली की पुन्हा दुसरी निघते. त्रुटी खरी असू शकते, नाही असं नाही. मग सगळ्या त्रुटी पहिल्या दोन-तीन दिवसांत, एकदाच आणि एकत्र कळवल्या पाहिजेत. त्यानंतर नवी त्रुटी काढायची मुभाच नको. नियमात एवढी एक ओळ घातली तरी राज्यभर लाखो हेलपाटे वाचतील, असं मला अनुभवानं वाटतं.

दुसरं कारण भीती. गावातल्या माणसाला ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, ज्याला आपण काल-परवापर्यंत तलाठी म्हणत होतो त्याच्याकडे, आज दाखल्यासाठी जायचं असतं, उद्या फेरफारासाठी आणि परवा नुकसानीच्या पंचनाम्यासाठी. त्याच्याविरुद्ध अपील करून तो कुठे जाणार? म्हणून मुदत टळल्यावर यंत्रणेनं अर्जदाराच्या अपिलाची वाटच पाहू नये. संगणकाला मुदत ठाऊक असते. ती टळली की प्रकरण आपोआप वरच्या अधिकाऱ्याकडे जावं. विलंब झाला हे सिद्ध करायचं ओझं त्या शेतमजुराच्या डोक्यावर का?

तिसरं कारण सरकारनं स्वतःकडे पाहून दूर करायचं आहे. रिकाम्या जागा. एका माणसाकडे तीन-तीन सजांचा, म्हणजे तलाठ्यांच्या कार्यक्षेत्रांचा, कारभार असेल तर मुदत कायद्यात लिहून ती पाळली जाणार नाही. जी जागा रिकामी आहे तिथे शास्ती कोणाला करणार? कर्मचाऱ्यांबद्दल लोक रागानं बोलतात, तो राग मी समजू शकतो. पण दोघांचं काम एकटीनं ओढणारी, रात्री आठपर्यंत लॉगिन करून दाखले निकाली काढणारी बाईही मी पाहिली आहे. तिला शिव्या आणि शास्ती, दोन्ही एकाच दिवशी मिळू नयेत.

आता जे नीट झालं त्याचंही एक उदाहरण देतो. सातबारा. पूर्वी पीककर्ज घ्यायचं तर सहीशिक्क्याच्या उताऱ्यासाठी तलाठ्याला गाठावं लागे. तो सजावर असेल, तहसीलला मीटिंगला असेल, नाहीतर निवडणुकीच्या कामाला. आज डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या निघतो आणि त्यावर कोणाच्या सहीशिक्क्याची गरज नाही. इथे काम लवकर झालं असं म्हणणं पुरेसं नाही. ते कामच नाहीसं झालं. सुधारणेची ही सगळ्यांत वरची पायरी आहे. अशी किती कामं नाहीशी करता येतील याचा हिशेब प्रत्येक खात्यानं मांडायला हवा. शेतकऱ्याची जमीन किती, हे महसूल खात्याच्याच दप्तरी असतं. तरी त्याच खात्याच्या दाखल्यासाठी त्याच्याकडून सातबारा मागतात. वडिलांकडे जातवैधता प्रमाणपत्र असतं, तरी लेकीला पणजोबाच्या शाळेच्या नोंदीपासून सगळं पुन्हा गोळा करत फिरावं लागतं. शासनाकडे जो कागद आहे तो नागरिकाकडून मागायचा नाही, असा नियम व्हावा आणि तो कडकपणे पाळला जावा. २०१५ साली शासनानं अनेक कामांसाठी प्रतिज्ञापत्राची अट काढून स्वयंघोषणापत्र आणलं. नागरिकाच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची ती चांगली सुरुवात होती, ती तिथेच थांबायला नको होती.

सातबाऱ्यातल्या चुकांचं मात्र यंत्रानं काही होत नाही. नाव चुकलं, क्षेत्राचा मेळ बसला नाही, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडेच दुरुस्तीचा अर्ज जातो, आणि तो कोणाच्या टेबलावर आहे हे पुन्हा विचारावं लागतं.

आणखी एक गोष्ट, जी या कायद्यांत नाही. कचेरीत येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला बसायला बाक हवा, प्यायला पाणी हवं, बायकांसाठी स्वच्छ आणि उघडं असलेलं स्वच्छतागृह हवं. दिवसभर ताटकळून, कुठे जायची सोय नाही म्हणून पाणीही न पिता परतलेल्या बायका मला ठाऊक आहेत. लोकसेवेची चर्चा करताना आपण पोर्टलबद्दल तासन्‌तास बोलतो आणि याबद्दल एक वाक्य बोलत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जे आज कार्यालयप्रमुख आहेत त्यांना माझी विनंती आहे. सेवांची यादी, त्यांची मुदत, पदनिर्देशित अधिकाऱ्याचं आणि अपील अधिकाऱ्याचं नाव लिहिलेला फलक दर्शनी भागात लावायला कायद्यानंच सांगितलं आहे. तो लावा, आणि बदली झाली की त्यावरचं नावही त्याच दिवशी बदला. आठवड्यातून एकदा स्वतः उठून प्रत्येक टेबलाजवळ जा आणि सर्वांत जुना अर्ज कोणता, तो हातात घेऊन पाहा.

आणि श्रोते हो, तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. अर्ज दिला की पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोचेवर अर्जाचा क्रमांक आणि सेवा मिळण्याची मुदत आहे ना, ते तिथेच उभं राहून वाचा. वाचता येत नसेल तर शेजारच्याला वाचायला सांगा, आणि तुमच्या शेजारी असं कोणी उभं असेल तर तुम्ही वाचून दाखवा. मुदतीत काम झालं नाही तर तीस दिवसांच्या आत पहिलं अपील करा.