पासष्टाव्या वर्षी मांडलेला संसार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चित्रकलेच्या वर्गात हल्ली ॲक्रिलिक रंग वापरतात. त्यांना टर्पेंटाइन लागत नाही आणि कुंचले नळाखाली धुता येतात. या रंगांविषयी दोन शब्द बोलावेत, अशी चिटणीसबाईंची सूचना होती. रंग कसे लावावेत ते वर्गात सांगतेच. आज ते रंग करणाऱ्या एका घराची हकिगत सांगते. घर अमेरिकेतले आहे. परंतु साठी गाठलेल्या माझ्या मैत्रिणींनी ती अवश्य ऐकावी.

न्यूयॉर्क शहरात लेनर्ड बोकूर नावाचे गृहस्थ चित्रकारांसाठी तैलरंग करून विकत. त्यांच्या नात्यातला सॅम गोल्डन हा तरुण १९३६ साली, एकविसाव्या वर्षी, त्यांच्याकडे कामाला लागला. त्या दुकानात चित्रकारांचा सदा राबता असे. कोणाला रंग दाट हवा, कोणाला पातळ. एकदा एका चित्रकाराने मधासारखी चिकट कृत्रिम राळ आणली आणि 'हिच्यात रंग होईल का?' असे विचारले, असे सांगतात. सॅमने ते मनावर घेतले. अनेक प्रयोगांनंतर, १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, 'मॅग्ना' हा रंग तयार झाला. चित्रकारांसाठी विक्रीला आलेल्या पहिल्या ॲक्रिलिक रंगांत त्याची गणना होते.

मॅग्ना लवकर सुके; पण तो टर्पेंटाइनने पातळ करावा लागे आणि वर ओला हात फिरला की खालचा थर पुन्हा विरघळे. तरीही मोठमोठ्या चित्रकारांनी तो उचलला. मॉरिस लुईस हा चित्रकार कुंचला बाजूला ठेवून पातळ रंग कोऱ्या कापडावर ओघळू देई. त्याच्या कामाला सोयीचे व्हावे म्हणून १९६० साली मॅग्नाची घडण बदलण्यात आली. गिऱ्हाइकाने मागावे आणि कारागिराने त्याच्यासाठी कृती बदलावी, ही सॅमची रीत.

पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग मात्र दुसऱ्यांनी आणला. सिनसिनाटी येथील हेन्री लेव्हिसन यांचा 'लिक्विटेक्स' १९५५ साली बाजारात आला. पुढे बोकूर यांच्याकडेही तसा रंग होऊ लागला. या रंगाची किमया आपल्याला ताकाच्या डेऱ्यावरून कळेल. दुधात जसे स्निग्धाचे बारीक कण तरंगतात, तसे या रंगात राळेचे कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेले की ते कण एकमेकांना बिलगतात आणि त्यांचा एकसंध पापुद्रा होतो. लोण्याचा गोळा झाल्यावर त्याचे जसे पुन्हा दूध होत नाही, तसा हा रंगही वाळल्यावर पाण्याने विरघळत नाही. म्हणून तर मी कुंचला वेळीच धुवा, असा धोशा लावते!

१९७२ साली सॅम निवृत्त झाले आणि न्यूयॉर्क राज्यातल्याच न्यू बर्लिन या लहानशा गावी राहायला गेले. पण ज्या हातांनी छत्तीस वर्षे रंग केले, ते स्वस्थ कसे बसणार? १९८० साली, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, त्यांनी पत्नी ॲडेल, मुलगा मार्क आणि सून बार्बरा यांना बरोबर घेऊन 'गोल्डन आर्टिस्ट कलर्स' हा कारखाना काढला. जागा कोणती? तर ९०० चौरस फुटांचा, पूर्वी गाई बांधायचा गोठा! रीत मात्र जुनीच: चित्रकाराला काय हवे ते आधी विचारायचे, मग डबा भरायचा. रंगांबरोबर दाटपणा आणणारे, चकाकी देणारे, सुकणे लांबवणारे असे नाना पदार्थ तेथे तयार झाले. आपल्या मालाच्या मर्यादाही हा कारखाना सांगतो. उदाहरणार्थ, सुमारे ९ अंश सेल्सिअसच्या खालच्या थंडीत रंगाचा पापुद्रा नीट धरत नाही, अशी सूचना तो देतो.

सॅम १९९७ साली वारले. २००२ पासून कारखान्यात कामगारांना मालकीचा वाटा मिळू लागला आणि पुढे निम्म्याहून अधिक मालकी त्यांच्याकडे आली. घराने उभारलेले काम घरापुरते राहिले नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

भगिनींनो, आपल्याकडे साठी झाली की घरचेच म्हणतात, 'पुष्कळ केलंत, आता बसा निवांत.' त्यात माया असते, हे खरे. पण त्या मायेपोटी कितीतरी हातांतली विद्या हातांतच विरून जाते. कोणाची पैठणी रफू करण्याची हातोटी, कोणाचे गोडा मसाल्याचे प्रमाण, कोणाचे बाळंतिणीचे शेकशेगडीचे ज्ञान. सॅम गोल्डन यांना पासष्टाव्या वर्षी पत्नी, मुलगा आणि सून 'बसा' म्हणाली नाहीत. ती गोठ्यात त्यांच्या बरोबरीने उभी राहिली. आपल्या मंडळाने एकमेकींसाठी एवढेच करावे. पुढच्या वर्षी प्रत्येक ज्येष्ठ भगिनीने आपल्या हातची एक विद्या वर्गात शिकवावी आणि धाकट्या भगिनींनी तिला आपण होऊन विचारावे, अशी सूचना मी आज मांडते. विचारणारे कोणी असले, की हात थकत नाहीत.