अद्भुत कथांचें मासिक : भांडवल कोणाचें?



केवळ अद्भुत कथांनाच वाहिलेलें एक मासिक आपण काढावें, अशी हौस साहित्याची आवड असलेल्या पुष्कळांना केव्हां ना केव्हां तरी होते. कल्पना मोठी मोहक आहे. भुतेंखेतें, मंत्रतंत्र, काळाच्या उदरांत गडप झालेलीं नगरें, असें जें जें इतर संपादकांच्या दारावरून परत जातें, त्याला येथें सन्मानानें पाट मांडावयाचा! परंतु मासिक काढणें निराळें आणि तें चालविणें निराळें. हा भेद स्पष्ट व्हावा, म्हणून या प्रकारच्या एका प्रसिद्ध इंग्रजी मासिकाची हकीकत आज आपल्यापुढें ठेवणार आहें.

अमेरिकेंतील शिकागो शहरीं मार्च १९२३ मध्यें ‘विअर्ड टेल्स’ या मासिकाचा पहिला अंक निघाला. त्याचे प्रवर्तक जे. सी. हेनेबर्गर हे विनोदी मासिकाच्या धंद्यांत हात बसलेले गृहस्थ होते. बेन हेक्ट, हॅम्लिन गार्लंड, एमर्सन हफ यांच्यासारख्या नामांकित लेखकांशीं त्यांचें बोलणें झालें होतें. अद्भुत लिहावेंसें फार वाटतें, पण छापणार कोण, असा त्या मंडळींचा सूर होता. हेनेबर्गर यांनीं छापणारा उभा केला. मात्र दार उघडल्यावर हे मोठे पाहुणे कांहीं आले नाहींत! मासिक काढूं इच्छिणारानें पहिला धडा येथेंच घ्यावा. थोरामोठ्यांचें आश्वासन हें भांडवल नव्हे. त्यावर पहिल्या अंकाची जाहिरात फार तर सजेल, दहावा अंक निघणार नाहीं.

मग आले कोण? ज्यांना कोणी ओळखत नव्हते, ते. एच. पी. लव्हक्राफ्ट यांची कथा पहिल्याच वर्षीं, ऑक्टोबर १९२३ च्या अंकांत प्रसिद्ध झाली. टेक्साससारख्या दूरच्या प्रांतांतील रॉबर्ट हॉवर्ड हे १९२५ सालीं आले, तेव्हां ते एकोणीस वर्षांचे होते. १९२८ मध्यें एका सतरा वर्षांच्या मुलाची कथा छापली गेली. हाच मुलगा पुढें टेनेसी विल्यम्स या नांवानें थोर नाटककार म्हणून जगाला माहीत झाला. इंडियानापोलिसच्या एका पेढींत नोकरी करणाऱ्या सी. एल. मूर या तरुणीची पहिली कथा १९३३ सालीं आली. ती वाचून संपादकांनीं आनंदाच्या भरांत त्या दिवशीं कचेरीच बंद केली, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, नव्या लेखकाच्या आगमनाचा असा आनंद ज्याला होत नाहीं, त्यानें संपादकाच्या खुर्चीवर बसूं नये.

आतां पैशाकडे वळूं. पहिले संपादक एडविन बेअर्ड यांच्या हाताखालीं वर्ष-सवा वर्षांतच मासिक कर्जांत बुडालें. १९२४ मध्यें मे, जून व जुलै या तीन महिन्यांचा मिळून एकच जाडजूड अंक काढण्यांत आला, आणि त्यानंतर नोव्हेंबरपर्यंत अंकच नाहीं. छापखानदाराचें देणें इतकें वाढलें होतें कीं, शेवटीं मासिकाची मालकी बहुतांशीं त्याच्याकडेच गेली. मासिक वांचलें तें छापखानदारानें दम धरला म्हणून. संपादकपद लव्हक्राफ्ट यांना देऊं केलें होतें. परंतु शिकागोला जाऊन राहणें त्यांना मानवणारें नव्हतें. तेव्हां फार्न्सवर्थ राइट हे संपादक झाले, आणि कंपवाताच्या असाध्य दुखण्याशीं झगडत त्यांनीं १९४० पर्यंत ती धुरा वाहिली.

राइट यांची निवड अचूकच असे, असें नाहीं. लव्हक्राफ्ट यांची एक गाजलेली कथा त्यांनीं आधीं परत केली आणि मग पुन्हा मागवून १९२८ मध्यें छापली. दुसरी एक दीर्घकथा १९३१ मध्यें नाकारली, ती पुढें दुसऱ्याच मासिकानें घेतली. परंतु वाचकांच्या पत्रांसाठीं त्यांनीं अंकांत कायमची जागा ठेविली होती. कोणती कथा आवडली, कोणती कंटाळवाणी झाली, हें वाचक तेथें मोकळेपणानें लिहीत. अशा मासिकाचा वाचक संख्येनें थोडा, पण निष्ठेनें मोठा असतो. त्याला बोलूं दिलें, तर तो मासिक आपलें मानतो. आणि कित्येकदां त्याच वाचकांतून उद्यांचा लेखक निघतो.

हें सारें खरें. तरी या हकीकतींत एक काळी बाजू आहे, आणि ती झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. हें मासिक कथा स्वीकारल्यावर नव्हे, तर छापल्यावर पैसे देई, आणि पुढें पुढें तेही वेळेवर देईना. १९३५ मध्यें हॉवर्ड यांचे आठशें डॉलरांहून अधिक येणें थकलें होतें. आई क्षयानें अंथरुणाला खिळलेली, औषधपाण्याचा खर्च वाढत चाललेला. अशा स्थितींत त्यांना आपल्याच कष्टाच्या पैशांसाठीं पत्रानें विनवणी करावी लागली. पुढच्याच वर्षीं त्यांनीं स्वतःच्या हातानें आपलें जीवन संपविलें, तेव्हांही देणें बाकीच होतें. त्यांच्या मृत्यूचें कारण तें देणें होतें, असें म्हणणें अन्यायाचें होईल. पण त्यांच्या कथांवर अंक खपत होते, आणि मासिकाची तूट त्यांच्यासारख्यांच्या घरांतून भरली जात होती, हें नाकारतां येणार नाहीं.

सप्टेंबर १९५४ मध्यें २७९ वा अंक काढून हें मासिक थांबलें. नंतर त्या नांवाचें पुनरुज्जीवन अनेकदां झालें. पहिल्या कालखंडाचा जमाखर्च मांडला, तर व्यापाराच्या दृष्टीनें तो उणाच दिसेल. पण लव्हक्राफ्ट यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या कथा ग्रंथरूपानें जगापुढें आणण्यासाठीं १९३९ मध्यें प्रकाशनसंस्था काढणारे ऑगस्ट डर्लेथ व डोनाल्ड वँड्रेई हे दोघेही याच मासिकाचे लेखक होते. मासिकानें जमविलेला गोतावळा असा मासिकाबाहेरही उपयोगी पडला.

आपल्या मराठींत अद्भुताची आवड नवी नाहीं. हळबेशास्त्र्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची. आणि पुढें अनंत अंतरकरांनीं ‘नवल’ काढून या आवडीला मासिकाचें घर दिलें. यापुढेंही कोणी असें घर बांधूं पाहील, तर त्याला एवढेंच सांगावेंसें वाटतें : कागदाचा भाव आणि छपाईचा खर्च यांचा हिशेब आपण कराल यांत शंका नाहीं, परंतु त्याच वहींत, पहिल्या ओळीवर, लेखकाचा मोबदला मांडा. तो देण्याची ऐपत नसेल, तर तसें त्याला आरंभींच सांगा. हौसेनें लिहिणारे तरीही लिहितील. पण देऊं म्हणून न देणें हें मात्र घडूं देऊं नका. कल्पनेच्या राज्यांत कितीही जादू चालो. तूट आली, कीं ती कोणीतरी भरावीच लागते. ती कोण भरणार, हें अंक काढण्यापूर्वीं ठरविणें, हेंच चालकाचें पहिलें कर्तव्य होय.