घर पाडण्याआधीचा हिशेब

इंदिरानगरात जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलं, की आपण आधी आर्किटेक्टकडे धावतो. त्याआधी पासबुक उघडा. 60 लाखांच्या बांधकामाला बँकेनं 80 टक्के दिले, तरी 12 लाख आपलेच. बँक रक्कम एकदम हातात ठेवत नाही. पाया, मग स्लॅब, असं काम पाहून टप्प्याटप्प्यानं देते आणि बहुधा आपला वाटा आधी घालायला लावते. आणि तोवर राहणार कुठे? भाडं, बंगळुरातलं ते जबर डिपॉझिट आणि उचललेल्या कर्जावरचं व्याज, सगळं एकदमच सुरू होतं. बहुतेकांची एफडी इथंच मुदतीआधी मोडते. 30 बाय 40 च्या प्लॉटवरही नव्या घराला पावसाचं पाणी साठवण्याची सोय सक्तीची आहे. तो खर्च कंत्राटदाराच्या अंदाजात धरलाय का, विचारून घ्या.